ताईचा नकार

वडील बोईसरच्या एका कापड कारखान्यात होते. चाळिशीत त्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले. चालताना झोकांड्या जायच्या. दारू पिऊन येतात म्हणून त्यांना कामावरून काढलं; त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पुढे पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार रक्तातून उतरतो. मुलांना होईल किंवा होणारही नाही. तपासणी केली तर आधीच कळतं.

"कळून काय करायचंय?" ताई म्हणाली. तिने तपासणी केली नाही, मीही नाही.

ताई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिथेच कामाला असलेल्या, बोईसरजवळच्या नवापूरच्या एकाचा तिच्यावर फार जीव होता. वडील गेल्यावर तो घरी आला आणि माझ्यादेखत म्हणाला, "तुज्या बापाचा मी सगला बगितलाय. पोर नाय झाला तरी चालंल. मला तूच पायजे."

"माझी उस्तवार करण्यात तुझा जन्म जायला नको," ताई म्हणाली आणि आत निघून गेली. तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं.

मला वाईट वाटलं, तसा अभिमानही वाटला. रक्त आमच्या हातात नव्हतं, पण हा निर्णय तरी ताईने स्वतः घेतला होता. ती त्याच बळावर ताठ मानेने जगली.

मग तिच्याही पायाची बोटं हलायला लागली. मी तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. ते बोलता बोलता म्हणाले, हातपाय हलायच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार स्वभावात शिरतो. माणूस हट्टी होतो, तुटक वागतो, जवळच्यांना दूर लोटतो.

घरी आल्यावर दारात चपला काढताना ताई म्हणाली, "त्याला नाही म्हटलं, ते मीच म्हटलं ना रे?"

"तूच. दुसरं कोण?"

"तुला काय माहीत?"

तिने चपला कोपऱ्यात सरकवल्या आणि ती आत गेली.

मी अजून तपासणी केलेली नाही. हल्ली कुणावर चिडलो, की मागाहून घाबरतो.

ताईला आता बोलता येत नाही. मीच भरवतो. मध्येच ती तोंड फिरवते. नको म्हणतेय, की मान आपोआप वळली, कळत नाही. मी जरा थांबतो आणि घास पुन्हा तिच्या तोंडाशी नेतो.