आपोआप हलणारा बाण

मारेगावच्या बाहेरच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये सत्यशीला कंट्रोल रूम सांभाळायची. तिचे वडील भीमराज तिथेच कापसाच्या गठाणी वाहायचे, त्यामुळे यंत्रांची धडधड तिच्या लहानपणापासून ओळखीची. आयटीआय करून ती इलेक्ट्रिशियन झाली तीही त्याच ओढीने. यंत्रांना ती कधी भ्याली नाही. ती भ्यायची पडद्यावरच्या बाणाला.

मालकांनी यंत्रं कॉम्प्युटरवर घेतली आणि देखभाल यवतमाळच्या श्रेयस नावाच्या इंजिनीअरकडे दिली. इथल्या कॉम्प्युटरवर विंडोज, त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स. दोन्हीकडे चालेल असं एक मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्याने फोनवर सांगत सांगत तिच्याच हातून टाकून घेतलं. आता तो यवतमाळात बसून इथला पडदा बघायचा, इथला बाण हलवायचा. आधी तो जोडला गेला, की ‘येऊ द्यायचं का?’ असं पडद्यावर विचारलं जाई. सत्यशीला यंत्रांपाशी असली, की तो ताटकळत बसे. शेवटी त्याच्या सांगण्यावरून तिने ती अट काढून टाकली.

तेव्हापासून बाण वाटेल तेव्हा हलू लागला. माउस टेबलावर निपचित पडलेला, आणि बाण आपला चाललाय. घरी बोलली, तर भीमराज हसले. “कॉम्प्युटरले भूत लागलं काय वं?” मग तिने तो विषयच सोडला.

एका दुपारी सरकी वाहून नेणारा स्क्रू अडकला. कंट्रोल रूमच्या दारासमोर, जमिनीतल्या अरुंद चरात लोखंडी पात्यांचं लांबलचक मळसूत्र फिरतं, तो. सत्यशीलाने पडद्यावर ‘बंद’ दाबलं. खरं तर भिंतीवरचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचा नियम होता. पण कॉम्प्युटर आल्यापासून तो सगळ्यांच्याच सवयीतून गेला होता. तिच्याही. वयस्क फिटर खेमसिंग चरात उतरला आणि खांद्यापर्यंत हात पात्यांत घातला.

“लई घट्ट बोळा बसला बाई,” तो खालून म्हणाला. “टाइम लागते.”

“लागू द्या काका. मी आहो इथं.”

ती वळली, तर बाण हलत होता. सावकाश, काही विचार करत असल्यासारखा, ‘सुरू’च्या चौकोनाकडे.

तिने झडप घालून माउस धरला आणि मागे ओढला. बाण थरथरला, मागे आला, पुन्हा निघाला. तिने पुन्हा ओढला. पलीकडचा हातही जोर करू लागला. ओरडलं तरी काका वेळेत बाहेर निघणार नव्हते. बाण चौकोनाच्या कडेला टेकला, तशी तिने माउस टाकला, भिंतीकडे धाव घेतली आणि दोन्ही हातांनी मेनचा दांडा खाली खेचला.

पंखा थांबला. कॉम्प्युटर बॅटरीवर होता, म्हणून पडदा तेवढा उजळलेला. त्यावरचा चौकोन हिरवा झाला होता. ‘सुरू.’

“लाइन गेली काय बाई?” खालून खेमसिंगने विचारलं.

“काका, पहिले बाहेर निघा,” ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. “सत्यशीलाताई, नेट फार स्लो आहे का तिकडे? माउस सारखा अडकत होता. स्क्रू बंद दिसला, वाटलं आपोआप बंद पडला असेल, म्हणून सुरू करत होतो.”

“खेमसिंगकाका आत होते, सर.”

त्याच संध्याकाळी तिने सॉफ्टवेअरमधली ती अट परत घातली, पण जरा बदलून. आता बाहेरच्याला पडदा फक्त दिसतो. बाण हलवायचा तर इथून कुणीतरी हो म्हणावं लागतं. स्विचला कुलूप आलं, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. तरी श्रेयसला हो म्हणण्याआधी ती बाहेर जाऊन माणसं मोजून येते.

पुढे चर पुन्हा तुंबला. खेमसिंगने स्वतः कुलूप घातलं, ओढून पाहिलं, खाली उतरला. हात आत घालण्याआधी थांबला.

“बाई, बाण कुठी आहे?”

“जागच्या जागी आहे काका.”

“पाहून सांगून राह्यली ना?”

“हाव. पाहूनच राह्यली.”

तरी त्याचा हात लगेच आत गेला नाही.