दूध केंद्र आणि माळवदातली वटवाघळं

दुष्काळाचं दुसरं वर्ष. शेतात काडी नव्हती, पण सरकारी चाऱ्यावर आमच्या गल्लीतल्या म्हशी कशाबशा दूध देत होत्या. ते दूध डोक्यावर घेऊन बायका उन्हातान्हात तेलगावच्या केंद्रावर चालत जायच्या आणि निम्म्या वेळा ते वाटेतच नासायचं. मग गावातच सहकारी संस्थेचं दूध केंद्र होणार, असं ठरलं. सरपंच म्हणाले, आमच्या ओसरीत करा. त्यांच्या ओसरीत त्यांच्या मर्जीतल्यांशिवाय कुणाचा पाय पडत नसे, त्यामुळे आमच्या गल्लीला तेलगावची वाट सुटणार नव्हती. तेव्हा विशीतली मी, नवी सून, भर बैठकीत पदर सावरून उभी राहिले. "आमची पुढची खोली घ्या की. आरशावानी हाय!"

आरसा म्हणे! त्या खोलीच्या माळवदात, तुळयांच्या खाचांमधून वटवाघळांचा अख्खा संसार होता. खाली लेंड्यांचा सडा, आणि वास असा की पाहुणे पाण्याचा तांब्या अंगणातच मागून घेत. पण माझ्या तोंडाला लगाम नव्हता. आताही नाही, पण आता वयामुळे खपून जातं.

दूध संघाचे साहेब आठ दिवसांनी जागा बघायला येणार होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "कशापायी बोललीस गं? आता वाघळांना काय सांगतीस, सायेब येनारेत म्हनून?"

"हाकलते की."

दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या लावून मी शेगडीवर वाळल्या मिरच्यांची धुरी केली. वटवाघूळ केसांत अडकलं की सुटत नाही, असं माहेरी ऐकलेलं. म्हणून दुष्काळी कामावरचं घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि चिंधीनं हनुवटीखाली बांधलं. घटकाभरात घरातली सगळी माणसं खोकत, नाक पुसत अंगणात. वटवाघूळ एकही नाही! आत्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, निम्म्या धुरानं, निम्म्या हसण्यानं. "अगं, वाघळं ऱ्हायली आन् आमीच निगालो की! ते टोपडं काढ आधी."

मी रुसून अंगणातच बसून राहिले. दिवेलागणीला बघते तर भिंतीत, तुळईच्या टोकाशी, एक फट. तिच्यातून एकेक वटवाघूळ बाहेर पडत होतं, सकाळी आम्ही खडी फोडायला निघायचो तसं. जी रोज आपणहून कामावर जातात त्यांना धुरी कशाला? ती गेली की फट लिंपायची, झालं!

"आन् एखादं आत ऱ्हायलं तर? कुजंल की," आत्याबाई म्हणाल्या. "फटीवर पडदा लाव. वरून ठोक, खाली मोकळा सोड. जानारं जाईल, येनाऱ्याला वाट गावायची न्हाई."

आधी त्यांनी मला बॅटरी घेऊन आत पिल्लं नाहीत ना, ते बघायला लावलं. नव्हती. मग मी पोतं आणलं, तर त्यांनी मान हलवली. "पोत्याला धरून चढत्याल. गुळगुळीत पायजे. तुझं ते नायलॉनचं पातळ काढ."

माझं एकुलतं एक नायलॉनचं पातळ! आत्याबाईंना ते पहिल्यापासून बघवत नव्हतं. मी मुसमुसत फाडलं, मालकांनी शिडीवर चढून ठोकलं.

चौथ्या संध्याकाळी त्या पडद्याखालून बाहेर पडायला कुणी उरलंच नव्हतं. फट लिंपली, खोली घासली, भिंतींना चुना मारला. साहेब आले, चारी कोपरे हुंगले आणि म्हणाले, "जागा ठीक आहे." दुसऱ्याच सकाळी आमच्या उंबऱ्याच्या आत दुधाचे कॅन लागले. बायका दूध घालून गप्पा मारत घरी परतू लागल्या, आणि मी आठवडाभर नुसती फुगून हिंडत होते.

वटवाघळं कुठं गेली, ते पंधरवड्यानं कळलं. सरपंचीणबाई स्वतः दूध घेऊन आल्या, बाकीच्या जाईपर्यंत रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या ओसरीत वाघळं शिरलीत हो. तुमी कशी घालवली?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी साळसूदपणे म्हणाले, "आधी मिरचीची धुरी द्या, बाई. दारं घट्ट लावून. आन् डोक्यावर घमेलं बांधायला इसरू नका."