जुन्या चर्चचं छप्पर

आमच्या गावात चर्च दोन. टेकाडावरचं जुनं, सगळं लाकडाचं. आणि बसथांब्याजवळचं नवं, सिमेंटचं. नव्यात भिंतीतून गरम पाणी खेळवलंय, त्यामुळे हिवाळ्यात सगळं गाव तिकडेच. जुन्याची किल्ली राहिली माझ्या चुलत्यांकडे, गाव्रिलाकाकांकडे.

काका लाकडी कौलं करायचे. देवदाराचा ओंडका कुऱ्हाडीने, लाकडाच्या अंगच्या रेषेरेषेने फोडून. जुन्या चर्चचं छप्पर त्यांच्या वडिलांच्या हातचं. ते गळायला लागलं तेव्हा काकांनी नवी कौलं करून अंगणात रचली. पण चर्चची नोंद सरकारी वारसा-यादीत. कचेरीतून पत्र आलं : परवानगीशिवाय एका कौलालाही हात लावू नये.

मग नऊ वर्षं नुसते अर्ज. कधी नकाशा कमी, कधी साहेब बदललेले. तोवर आत भिंतीवर रंगवलेल्या संतांचे चेहरे ओलीने फुगून गळत होते.

काका गावच्या फादर सेवेरना भेटले; आमच्या पंथात फादर लग्न केलेले असतात. "फादर, तुम्ही कचेरीत एक शब्द टाका ना."

"गाव्रिला, नव्याचा घुमट रंगवायचा राहिलाय. जुन्यात आता येतं कोण?"

"तुमचं लग्न कुठं लागलं?"

"तिथंच की! थंडीने बायकोचे दात असे वाजत होते, प्रार्थना ऐकू येईना." फादर हसले. काका हसले नाहीत.

दहाव्या वर्षी मंजुरी आली, पण काम गेलं शहरातल्या ठेकेदाराला. ट्रक भरून यंत्रावर कापलेली कौलं आली. काकांनी एक उचलून पाहिलं.

"अरे, लाकडाची रेषाच कापलीय. पाणी वाहणार नाही, मुरेल."

"आजोबा, कागदावर असंच लिहिलंय," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"मग कागदच घाला छपरावर!"

त्यानंतर तिसऱ्या वर्षी बर्फ वितळताना छप्पर पुन्हा गळू लागलं. काकांनी कचेरीला कळवलं. उत्तर आलं : काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याची नोंद आहे.

त्याच दुपारी काकांनी अंगणातली कौलं डुकरांच्या खोपटावर ठोकायला घेतली. खाली शिडी धरून नास्तासियाकाकू ओरडत होत्या, "अहो, सत्तरी उलटली तुमची! उतरा खाली!"

"डुकरं तरी कोरडी राहू देत!"

आता बर्फ वितळू लागला की काका रोज चर्च उघडून गळतीखाली ठेवलेल्या बादल्या ओततात. परवा मी मदतीला गेले, तेव्हा बादल्यांत संतांच्या चेहऱ्यांवरच्या रंगाचे पोपडे तरंगत होते.

"त्या कोपऱ्यातली घे," ते म्हणाले. "आणि आज माझ्याशी बोलू नकोस."