समुद्र चित्र काढून घ्यायला आला

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अरबी समुद्र एकदा स्वतः चालत आमच्या काकांकडे आला होता. स्वतःचं चित्र काढून घ्यायला. येताना चपला काढल्या नाहीत, एवढीच तक्रार.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईला खाडीकाठी काकांची केळीची वाडी होती आणि जत्रेतल्या नाटकाचे पडदे रंगवायचा मानही त्यांचाच. जंगल, देऊळ, दरबार, सगळं हातचा मळ. समुद्र मात्र जमत नसे. निळ्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या की काकी म्हणायची, "चादर झकास झालीय. वाळत कुठं घालायची?" काका हसायचे आणि मग दिवेलागणीपर्यंत बांधावर बसून खाडीकडे बघत राहायचे. दूर गेलेल्या आपल्या माणसाची वाट बघावी, तसे.

त्या वर्षी कोजागिरीच्या उधाणाला भरदुपारी बांध फुटला. खारं पाणी वाडीत घुसलं. केळीचं आणि खाऱ्या पाण्याचं सात जन्मांचं वैर; ते मुळाशी थांबलं की केळ गेलीच. काकी फावडं घेऊन धावली, तिच्यामागे मी, शेजारीपाजारी. आणि काका? गुडघाभर पाण्यात नुसते उभे. पानांतून ऊन पाण्यावर सांडत होतं, पाणी हलत होतं आणि पानांच्या पोटावर उजेड थरथरत होता. दोन केळींच्या मधून एक बोईट मासळी उडाली, चांदीची.

"अरे, हा असा असतो होय!" काका पुटपुटले. "इतकी वर्षं मी नुसतं पाणीच बघत होतो."

बांध बुजवला, पण उशिरा. पंधरवड्यात वाडी कडेकडेने पिवळी पडली. शेजारी म्हणाले, "चित्रकार, आता मीठ पिकवा." काकी मात्र त्या दुपारपासून काकांशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढलं की भिंतीला सांगायची, "वाढलंय." काका रोज विनवायचे, "अगं, एक शिवी तरी दे." चादरीच्या टोमण्यासाठी त्यांचे कान आसुसले होते. बिचारी भिंत मात्र भलतीच खुशीत होती.

जत्रा आली. नाटकात राजा मी, दाढी मावशीच्या गंगावनाची. मागे समुद्रकाठचा राजवाडा हवा होता. काकांनी पडदा कुणालाच दाखवला नव्हता. तिन्हीसांजेला पेट्रोमॅक्स लागले, दर्शनी पडदा सरकला, मी छाती फुगवून गरजलो, "पाहा हा माझा सुवर्णमहाल!" आणि मागे वळलो. पुढचं वाक्य विसरलोच.

महाल नव्हताच. आमची वाडी उभी होती, हिरवीगार, गुडघाभर समुद्रात. पाणी हलत होतं. शपथेवर सांगतो, हलत होतं! आज वाडीच्या जागी इमारती आहेत. तो पडदा सातिवलीला कुणाच्या तरी गोदामात कुजला. काका गेले. मला अजूनही ती वाडी हवीहवीशी होते, तेव्हा डोळे मिटतो; पण दिसते ती पडद्यावरचीच. खरी कशी होती, ते आता आठवत नाही.

मंडपात सगळे वाडीवाले; खाऱ्यात उभी केळ बघून काहींनी नकळत पाय वर घेतले. विंगेत काका रंगाने माखलेले हात चोळत उभे होते. लोकांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते फक्त तिसऱ्या रांगेतल्या काकीकडे बघत होते.

काकी उठली. तिने पदर खोचला आणि नाटक, माणसं, अबोला, सगळं विसरून विंगेकडे बघत ओरडली, "अहो, उभे काय राहिलात! पाणी काढा आधी, केळी मरतील!"