खोट्या खिडक्यांमागची खोली

माझी एकच सवत होती आणि तिला चार धुराडी होती.

माझे मिस्टर रियाधला ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते तिथे होते त्या अरब मालकाला, इंग्लंडमधल्या एका जुन्या जमीनदाराची हवेली भावली होती. तशीच त्याला शहराबाहेर स्वतःसाठी हवी होती. यांनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. फोटोंवरून नकाशे काढले आणि घराच्या असे प्रेमात पडले की जेवतानाही कमानींबद्दलच बोलायचे.

त्या घराची शिस्त मोठी. दाराच्या डावीकडे जितक्या खिडक्या, तितक्याच उजवीकडे. पण उजव्या टोकाला धान्याची कोठी होती, तिला खिडकी नको होती. मग यांनी बाहेरून चौकट, कमान सगळं कोरून घेतलं आणि मध्ये दगड भरला. मला हसू आवरेना. म्हटलं, "बडा घर पोकळ वासा ऐकलं होतं, तुमचं उलटंच!"

घरात माणसं राहायला आली आणि वर्षभरात आखाती युद्ध सुरू झालं. विषारी वायूच्या भीतीने जो तो घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करू लागला. हे मात्र सायरन झाला की गच्चीवर क्षेपणास्त्रं बघायला जायचे. मला पाचवा महिना होता.

"अगो, जिद्द्याहून विमान मिळतंय. तू रत्नागिरीला जा," रोज हाच धोशा.

"तुमच्याशिवाय नाही." माझाही तोच हट्ट.

त्यात कफीलचा फोन आला. एवढं मोठं घर, पण प्रत्येक खोलीत उंच काचा नाहीतर धुराडं. बंद करावी अशी खोलीच सापडेना. यांनी कोठी सुचवली. "यल्ला, चल, बायकोलाही घेऊन ये," कफील म्हणाला.

आम्ही तिकडे गेलो आणि मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजनंतर सायरन झाला. कोठीत मधोमध चादर टांगली होती. इकडे आम्ही बायका, तिकडे पुरुष. कफीलच्या म्हाताऱ्या आईने मला कुशीत ओढलं. धडाका झाला. डबे खडखडले, सवतीचा दगड हलला नाही. त्या घरावर माझा पहिल्यांदा जीव जडला.

चादरीपलीकडून यांचा आवाज आला. मराठीत, कारण तिथे ती आणखी कुणाला कळत नव्हती.

"अगो, घाबरलीस?"

"नाही."

मग हळूच म्हणाले, "मी घाबरलोय. गच्चीवरही माझी भीती तुला दिसू नये म्हणूनच जायचो. तू जाऊ नको गो."