पिशवी गेली, अंडाशयं राहिली

शेलूबाजारच्या बाजारात वांगी घेऊन बसणारी प्रयागबाई तोंडाची फटकळ. नवरा जानराव पोती उतरवायचा, गिऱ्हाइकाशी बोलायची ती. पण चाळिशी उलटली आणि पाळीत रक्त इतकं जाऊ लागलं की बाजारात बसणं मुश्कील झालं. चेहरा पांढराफटक पडला.

वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भपिशवीत गाठी होत्या. कॅन्सरच्या नव्हत्या, पण औषधं घेऊनही रक्त थांबेना. शेवटी पिशवी काढायचं ठरलं.

जानराव म्हणाला, "मॅडम, सगळंच काढून टाका. एकदाची कटकट मिटंल."

प्रयागबाईला धनज गावी दिलेली थोरली बहीण आठवली, वैजयंती. ऐन तिशीत कुठल्याशा दवाखान्यात तिची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर तिच्या अंगातून वाफा निघायच्या, रात्री लुगडं घामानं भिजायचं. पुढं अंगणात साधा पाय घसरला तर मनगट मोडलं. लोक म्हणाले, अशक्तपणा.

"मॅडम, माह्या बहिणीचं असंच सगळं काढलं होतं," प्रयागबाई म्हणाली. "मंग साधी घसरली त मनगट मोडलं. तिचे हाडं त्याच्यानंच त ठिसूळ नाई झाले?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढी अंडाशयं असतात. ती नुसती पाळी आणत नाहीत, हाडांना आणि हृदयालाही जपतात. कमी वयात काढली, की शरीर एकदम म्हातारपणाकडं ढकललं जातं. तुमची निरोगी आहेत. माहेरी कुणाला अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर?"

"नाई वं माय."

"मग ठेवू. पुढं त्यांच्यात आजार व्हायची थोडी शक्यता राहते, ते लपवत नाही. पण तुमच्या वयात ठेवण्याचाच फायदा जास्त."

प्रयागबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "आयकलं? खराब हाय तेवढंच काढा."

"आंग तुयं हाय," जानराव म्हणाला. "तू म्हनशीन तसं."

ऑपरेशन नीट झालं. अंगात रक्त भरलं, तशी प्रयागबाई धनजला गेली आणि बहिणीला ओढतच वाशिमला घेऊन आली. वैजयंती कुरकुरली, "आता मले काय कराचं हाय तपासून?"

"चाल माह्यासंग. म्हातारी नाई झाली तू."

हाडं तपासली, खरंच ठिसूळ झाली होती. ऑपरेशननंतर लगेच हार्मोनची औषधं सुरू व्हायला हवी होती, डॉक्टरीणबाई हळहळल्या. तरी हाडांच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं. वैजयंतीनं दोन्ही नेमानं केलं.

याला बरीच वर्षं झाली. प्रयागबाईनं पन्नाशी ओलांडली. गेल्या हिवाळ्यात वैजयंती तुरीच्या शेंगा खायला आली. चुलीवर शेंगा शिजत होत्या आणि प्रयागबाई पदरानं वारा घेत होती.

"काय वं, थंडीत घाम सुटून राह्यला?"

"हाव. मॅडम म्हनते, अंडाशय थकले, त्याचं वयच हाय आता."

"मले तर भर जवानीत सुटला होता," वैजयंती म्हणाली आणि हसली. मनगट मोडल्यानंतर तिचं दुसरं हाड मोडलेलं नाही.

शेंगा संपल्यावर ती चप्पल घालून उठली, तिची फिरायची वेळ झाली होती. प्रयागबाईला कंटाळा आला होता, पण बहिणीनं हात धरून उठवलं. दोघी बांधाबांधानं निघाल्या, आणि थोरलीच्या चालीनं चालताना धाकटीला धाप लागली.