स्कीम टाकणारे शेजारी

पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी मूळचे सिल्लोडकडचे. समोर भेटले तर मोजकंच बोलायचे. पण गल्लीच्या मोबाइल ग्रुपचे ॲडमिन तेच, आणि तिथं त्यांना उसंत नसे. सकाळी कोडं, दुपारी आपल्या भागातली बातमी, संध्याकाळी पैसे दुप्पट करणारी एखादी स्कीम. खाली ठरलेलं वाक्य: 'खात्री करून घ्यावी.' स्वतः त्यांनी ती कधी केलेली नसायची. कोड्याचं उत्तर विचारलं तर म्हणायचे, "मलाबी असंच आलंय."

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, गल्ली टँकरवर होती. एका संध्याकाळी समोरच्या मावशी सोन्याच्या पाटल्या रुमालात बांधून त्यांच्या दारात आल्या.

"भाऊ, त्या स्कीममध्ये माझंबी नाव घाला. पाटल्या मोडते."

मी ओट्यावरच बसलो होतो. शेजाऱ्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ते वाचायला असतंय. करायला नसतंय."

सगळ्यांना सांगता आणि मलाच नाही म्हणता, म्हणून मावशी रुसल्या. शेवटी शेजारी त्यांच्यासोबत घरी गेले आणि पाटल्या कपाटात जाऊन कुलूप लागेपर्यंत दारात उभे राहिले.

ते परत आल्यावर मी विचारलं, "मग टाकता कशाला?"

"नाय टाकलं तर लोकं पाण्यावरून भांडत्यात ग्रुपवर."

एवढं बोलून त्यांनी मोबाइल काढला. मला वाटलं, आता स्कीम पुसून टाकतील. त्यांनी मावशींना ग्रुपमधून काढलं.